फूटफॉल शून्य

२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. फक्त स्वतःच्या रेफरन्ससाठी.

एमडींनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. सरकारला खर्च कमी करायचाय. त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून सहा महिन्यांसाठी एकेक सीनियर माणूस सल्लागार म्हणून मागितलाय. पगार कंपनीचा, खुर्ची सरकारची. एमडी म्हणाले, खूप विचार केला, पण ज्याच्यावाचून कंपनीचं काही अडणार नाही असं कोण, म्हटल्यावर सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं. एकमताने!

भरून आलं. माझं डिपार्टमेंट मी इतकं सिस्टिमॅटिक बसवलंय की ते माझ्याशिवाय चालतं. लीडरशिप म्हणतात ती हीच.

इतकी वर्षं गाद्या आणि उशा. आता राष्ट्र.

खातं मिळालंय सार्वजनिक सुविधा. बहुधा पूल, वीज, विमानतळ वगैरे. ताईला लगेच फोन केला. ती म्हणाली, सुविधा म्हणजे नक्की काय रे? म्हटलं, इन्फ्रास्ट्रक्चर. बाबांना सांगितलं. ते रिटायर्ड पोस्टमास्तर, आमच्याकडेच असतात. म्हणाले, चला, घरात पुन्हा एक सरकारी माणूस झाला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. सर्दी असेल, पण मला तसं वाटलं नाही.

५ जानेवारी

सुविधा म्हणजे संडास.

शहरातले सार्वजनिक संडास आणि मुताऱ्या. एवढंच खातं. पूल नाही, विमानतळ नाही. ज्याने याला ‘सुविधा’ हा शब्द शोधला त्याला आमच्या मार्केटिंगमध्ये घ्यायला हवा.

ऑफिस तळमजल्यावर, मागच्या अंगाला. दार दिसायच्या आधी वास भेटतो. फिनेलचा, आणि फिनेल ज्याच्यावर ओततात त्याचा. माझ्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. कुणाचा, कधीचा, काही पत्ता नाही. दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकला. तो मॅडमचा निघाला. मॅडम म्हणजे खात्याच्या प्रमुख, माझ्यासाठी त्यांनी स्वतःची बरी खुर्ची दिली होती. शिपायाने टॉवेल झटकून परत तिथेच लटकवला. दिवसभर पाठ न टेकता बसलो.

एक अधीक्षक आहेत. काहीही बोला, ‘हो साहेब’ म्हणतात. मनातल्या मनात नाव ठेवलं, होसाहेब. निदान एक माणूस पहिल्या दिवसापासून माझ्याशी सहमत आहे.

घरी सांगितलं, खात्याचं काम कॉन्फिडेन्शियल आहे. बायको म्हणाली, शर्ट बाहेरच काढ.

११ जानेवारी

साइट व्हिजिट. बाजारामागचा संडास. आत गेलो नाही. गाडीची काच अर्धी खाली केली, तेवढ्यात पुरेसा डेटा मिळाला.

शी! माणसं अशा ठिकाणी जातातच कशी? आणि गेली तर त्याचा खर्च सरकारने का करायचा? पाणी, बल्ब, झाडूवाला, रखवालदार, वर दुरुस्ती. मिळकत काय? वास. आमच्या कंपनीत जी गादी खपत नाही ती आम्ही बंद करतो. इतकं सोपं आहे. कुणालाच कसं सुचलं नाही?

ऑफिसात लॅव्हेंडरचा स्प्रे नेला. आता फिनेल, ते दुसरं, आणि वर लॅव्हेंडर. जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी

प्रेझेंटेशन. विषय: फूटफॉल. कुठल्या ठिकाणी किती माणसं जातात ते मोजायचं. जिथे कमी, तिथे कुलूप. स्लाइड्स अप्रतिम झाल्या होत्या. शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, मोजणी कोणत्या वेळेला करणार? म्हटलं, अकरा ते एक, कोअर बिझनेस अवर्स. त्या म्हणाल्या, पहाटेचं पण बघा, सकाळची माणसं वेगळी असतात. म्हटलं, मॅडम, सॅम्पलिंग एक शास्त्र आहे. (शिवाय मी अकराच्या आधी पोचत नाही.) त्यांनी वही मिटली. पटलं असणार. होसाहेब म्हणाले, हो साहेब.

४ फेब्रुवारी

मोजणीचे आकडे आले. बागेच्या गेटजवळची मुतारी आणि शेजारचा बायकांचा संडास: अकरा ते एक या वेळात फूटफॉल शून्य. शून्य! रखवालदार स्टुलावर बसून पेंगत होता म्हणे. याला म्हणतात जनतेच्या पैशाची नासाडी. अशी आणखी काही ठिकाणं निघाली. योजनेतल्या खास अधिकारात मी एका सहीने कुठलीही सुविधा बंद करू शकतो. कमिटी नको, टेंडर नको.

आयुष्यात पहिल्यांदा हातात खरी पॉवर आल्यासारखं वाटलं. पेन चांगला आणायला हवा.

१० फेब्रुवारी

सही केली. कुलपं लागली. पेपरात बातमी: ‘गाद्यावाल्याने केली खर्चाची झोप पूर्ण.’ मथळा नीट कळला नाही, पण फोटो चांगला आलाय. एमडींना कात्रण पाठवलं. अंगठा आला.

बाबांनी बातमी दोनदा वाचली. बागेचं गेट म्हणजे आपल्याच बागेचं का, विचारलं. म्हटलं, हो, तुम्ही रोज जाता तीच. तुमचा मुलगा पक्षपात करत नाही. बाबांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, बरं. अभिमान वाटला की बाबांना बोलता येत नाही, हे लहानपणापासून पाहतोय.

२१ फेब्रुवारी

बाबांनी सकाळचा चहा सोडला. उठल्या उठल्या लागायचा, तो आता बागेतून परत आल्यावर घेतात. पाणीही तेव्हाच. वाटेत काही नको, म्हणतात. या वयात एवढी डिसिप्लिन! माझ्यात ती कुठून आली हे आता कळलं.

बायको म्हणाली, तुला खरंच कळत नाही का? म्हटलं, काय? ती पोळी लाटत राहिली. पोळीचा पार कागद केला.

५ मार्च

बाबा आता संध्याकाळपासूनच पाणी पीत नाहीत. सकाळी घरातून निघताना दोनदा बाथरूमला जाऊन येतात. दोस्तांचा बाक पार बागेच्या पलीकडच्या टोकाला, तिथपर्यंत जाऊन गप्पा मारून यायचं तर वेळ जातो, म्हणाले. काल मधूनच परत आले, घाईघाईने. चपला न काढता आत गेले. लादीवर बागेची माती. मी माती ओलांडून ऑफिसला गेलो. मोठ्यांना समजून घ्यावं लागतं.

ऑफिसात आणखी काही ठिकाणांची फाइल. वास सहन होत नाही. सही करताना श्वास रोखून धरतो.

१६ मार्च

बाबांना ताप. थंडी वाजून. हॉस्पिटल.

युरिन इन्फेक्शन, डॉक्टर म्हणाले. विचारलं, आजोबा, पाणी किती पिता? बाबा म्हणाले, बेताचं. डॉक्टर म्हणाले, का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. डॉक्टरांनी मला विचारलं, घरात बाथरूमची काही अडचण आहे का? भर वॉर्डात! म्हटलं, चार आहेत. चारही अटॅच्ड.

बायको बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

१९ मार्च

बायकोने आज कॉरिडॉरमध्ये स्पष्ट सांगितलं. बाबा बागेतलं कुलूप लागल्यापासून तहान मारत होते. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. बाबांनीच तिला गप्प बसायला लावलं होतं, त्याच्या नोकरीत आपण पडायचं नाही म्हणून. ती म्हणाली, मला तुझी किळस येते.

किळस! मी त्या ऑफिसात रोज काय हुंगतो हे तिने एकदा येऊन बघावं.

तिचं म्हणणं भावनिक आहे. एका युजरवरून पॉलिसी बदलता येत नाही. शिवाय त्यांनी मला सांगायला हवं होतं. मी विचारलं नाही हे खरं, पण फीडबॅक देणं हे युजरचं काम असतं.

बाबा झोपलेत. हात फार हलका झालाय. बाटलीने पाणी पाजलं. सगळं प्यायले.

२ एप्रिल

ऑफिसात शिष्टमंडळ आलं. शिपाई म्हणाला, बागेवाले. सकाळी फिरणारे म्हातारे आणि गेटवर पेपर विकणाऱ्या मावशी. शेवटी बाबा. घरून रिक्षा करून आले होते. मला काहीही सांगितलं नव्हतं.

टॉवेलवाली खुर्ची सोडून उठलो, म्हटलं, बाबा, बसा. ते उभेच राहिले. म्हणाले, साहेब, आम्ही नागरिक म्हणून आलोय. मला साहेब म्हणाले. होसाहेबांनी सवयीने हो म्हटलं.

बाबांनी शांतपणे सगळं सांगितलं, काउंटरवर एखाद्याला मनीऑर्डर समजावून सांगावी तसं. आवाज चढवला नाही. मी फूटफॉलचा चार्ट दाखवला. पेपरवाल्या मावशी म्हणाल्या, साहेब, अकरा वाजता मी घरी झोपलेली असते. मी पहाटे येते, पेपर पहाटे येतो. पुरुष झाडामागे जातील, मी कुठे जाऊ? मी चार्ट उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनीच विचारलं, तुमच्या ऑफिसात आहे ना संडास? सार्वजनिकच आहे ना? होसाहेब म्हणाले, हो बाई.

हो कशाला म्हणायचं?

बाबा जाताना म्हणाले, येतो साहेब. प्रोफेशनल वागणूक कशी असावी याचा नमुना. संध्याकाळी घरी मात्र बोलले नाहीत. थकले असतील.

४ एप्रिल

आज कधी नव्हे तो आठला पोचलो, तर ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये रांग. पेपरवाल्या मावशी, दोन झाडूवाल्या, चार म्हातारे, सिग्नलवरची पोलीस बाई, आणखी कोण कोण. शिपाई पहाटेच दार उघडतो म्हणे. मॅडमनी सांगितलं होतं त्याला. रांग माझ्या केबिनच्या दारावरून जाते. मला गुड मॉर्निंग म्हणतात!

नळ वाहतो, फ्लश अडकलाय, पाणी माझ्या दाराखालून आत आलं. बुटांत. ते पाणी. बूट कचऱ्यात टाकले, मोज्यांवर घरी आलो.

मॅडमना म्हटलं, हे थांबवा. त्या म्हणाल्या, तुमच्या चार्टमध्ये टाका ना, फूटफॉल वाढलाय.

बाईंना विनोदाची जाण आहे हे माहीत नव्हतं.

१७ एप्रिल

मोठ्या मनाने निर्णय घेतला: बागेची सुविधा पुन्हा उघडायची. पायलट बेसिसवर. माघार अजिबात नाही, याला कोर्स करेक्शन म्हणतात. होसाहेबांना म्हटलं, ऑर्डर टाइप करा. आणि ते पहिल्यांदा म्हणाले, नाही साहेब.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, साहेब, तुम्हाला बंद करायचे अधिकार आहेत, उघडायचे नाहीत. योजनाच काटकसरीची आहे. बंद केलेली सुविधा पुन्हा चालू करायची म्हणजे सरकारच्या हिशेबी नवा खर्च. त्याला प्रस्ताव लागतो, मग कमिटी, मग टेंडर. रखवालदाराला तर आपण काढूनच टाकलं.

म्हटलं, मी लावलेलं कुलूप मी काढू शकत नाही? ते म्हणाले, हो साहेब.

८ मे

प्रस्ताव चौथ्यांदा परत. शेरा: ‘सदर ठिकाणी फूटफॉल शून्य असल्याचे आपल्याच अहवालात नमूद आहे. खुलासा करावा.’

खुलासा लिहिला. आपला अहवाल चुकीचा असं लिहिता येईना. आपला अहवाल बरोबर पण अपुरा, असं लिहिलं. खोडलं. सकाळची माणसं वेगळी असतात, असं लिहिलं. हे वाक्य कुठे ऐकलं होतं ते आठवायला वेळ लागला. मॅडमकडे बघितलं नाही.

घरी बाबा आता सकाळी गॅलरीत बसतात. बायको फिरायला चला म्हणते, ते नको म्हणतात. दोस्त येऊन गेले दोनदा. त्यांचाही बाक आता मोडल्यातच जमा आहे, एकेक जण घरी बसला. बाबा दिवसभर रेडिओ लावतात आणि ऐकत नाहीत.

बागेपर्यंत गाडीने सोडतो, गाडीतच थांबतो, लागली की घरी आणतो, असं मी सुचवलं. बाबा म्हणाले, मी काय पार्सल आहे? पोस्टातला माणूस. विनोद तिथलेच करणार.

कुणी हसलं नाही.

२७ मे

बाबा ताईकडे गेले. चार दिवस हवापालट. ताईचं गाव गाडीने दोन तास. भावोजी न्यायला आले होते. चार दिवसांसाठी ट्रंक कशाला, असं मी विचारलं. भावोजी डिकी बंद करत राहिले.

खोली रिकामी आहे तोवर तिथे स्टडी करावी का, असं बायकोला म्हटलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

१ जुलै

टर्म संपली. निरोप समारंभ ऑफिसातच. बिस्किटं. रांगेतल्यांनाही दिली. हातात बिस्किट घेऊन माणसं तिथे उभी. बघवेना.

मॅडम भाषणात म्हणाल्या, साहेबांमुळे खात्याला लोकांच्या जवळ जाता आलं. टाळ्या. सरकारने माझा अहवाल ‘तत्त्वतः’ स्वीकारलाय. बागेचा प्रस्ताव कमिटीपुढे आहे. पुढची मीटिंग कधी, असं होसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कमिटीच्या दोन जागा काटकसरीत गेल्या, कोरम होत नाही.

कुणी काढल्या त्या? मी विचारलं नाही.

३ जुलै

कंपनीत परत. सगळं सुरळीत चाललंय. माझ्याशिवाय. एमडी म्हणाले, अरे, आलास? एवढ्यात?

रिपोर्ट वाचायला वेळ आहे का, विचारलं. ठेव, म्हणाले. ठेवला.

बाबांचे चार दिवस अजून चालू आहेत. फोन करतो तर ताई म्हणते, बाहेर गेलेत. सकाळी केला तरी बाहेर. संध्याकाळी केला तरी बाहेर. म्हटलं, तब्येत? ती म्हणाली, दणदणीत.

१४ जुलै

सकाळी लवकर उठून ताईकडे गेलो. बाबांना घेऊन यायचंच, असं ठरवून. बायको आली नाही. म्हणाली, तू जा, तुझं तू सांग.

ताई दारातच म्हणाली, ते बागेत. चहा घे. चहा न घेता बागेत गेलो. साधी बाग, आपल्या बागेच्या निम्मी. बाबा चार-पाच म्हाताऱ्यांबरोबर फेरी मारत होते, मोठमोठ्याने बोलत. वजन वाढलंय. मला पाहून थांबले. म्हणाले, आलास? धर. टोपी आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि गेटजवळच्या मुतारीत गेले.

बाटली जवळजवळ रिकामी होती.

मी बाहेर उभा. वास होता. चांगलाच. नाकाला रुमाल लावणार होतो, पण एका हातात टोपी, दुसऱ्यात बाटली. तसाच उभा राहिलो. झाडूवाली आली, म्हणाली, जायचंय का आत? नाही तर बाजूला व्हा, वाटेत उभे आहात. बाजूला झालो.

बाबा हात पुसत आले. टोपी घातली. तुम्ही वाक्यं पाठ करून जाता आणि ऐनवेळी भलतंच बोलता, तसं झालं. म्हटलं, प्रस्ताव कमिटीत आहे. बाबा म्हणाले, असू दे. म्हटलं, घरी चला. ते म्हणाले, इथे बरं आहे रे मला. रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर मुद्दे मांडता आले असते. म्हणाले, तू येत जा. सूनबाईला आण.

तेवढ्यात त्यांचे दोस्त मागून आले. एकाने विचारलं, हे कोण? बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, माझा मुलगा. गाद्यांच्या कंपनीत असतो.

सहा महिन्यांचं काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्या गृहस्थांनी कमरेवर हात ठेवला, म्हणाले, बरे भेटलात, रात्री पाठ फार धरते हो, गादी कडक घ्यावी की मऊ? म्हटलं, मध्यम. आणि कूस बदलून झोपत जा.

सल्लागार झाल्यापासून कुणी आपणहून विचारलेला हा पहिला सल्ला.